डेंग्यूचा रुग्ण घरी सांभाळताना: दिवसांची मोजणी, पाण्याचा हिशोब आणि ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस

डेंग्यूच्या रुग्णाची घरी शुश्रूषा करताना बहुतेक कुटुंबे एकाच जागी चुकतात. पहिले तीन दिवस ताप १०३ अंशांपर्यंत चढलेला असतो तेव्हा सारे घर जागे असते. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो, सगळे निःश्वास सोडतात, आणि ज्या ४८ तासांत रुग्णाकडे सर्वाधिक लक्ष द्यायला हवे नेमके त्याच वेळी त्याला झोपू दिले जाते. या आजारात गंभीर गुंतागुंत तापामुळे होत नाही. ताप उतरण्याच्या सुमारास सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून रक्तातील द्रव बाहेर पाझरू लागतो, रक्त घट्ट होते, रक्तदाब ढासळतो, आणि मग धोका निर्माण होतो. पुढील सर्व टप्पे ही एक गोष्ट गृहीत धरून लिहिले आहेत. ते डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाहीत. डॉक्टरांनी ‘घरीच ठेवा, लक्ष ठेवा’ असे सांगितल्यावर ते लक्ष नेमके कशावर आणि केव्हा ठेवायचे, हे त्यांत आहे.

टप्पा १: रुग्ण घरी ठेवण्याजोगा आहे का, हे आधी ठरवा

गर्भवती, एक वर्षाखालील बाळ, वृद्ध, तसेच मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार, सिकलसेल यांसारखा रक्ताचा आजार किंवा फार लठ्ठपणा असलेली व्यक्ती यांना डेंग्यूची शंका येताच पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. त्यांना घरी ठेवायचे की भरती करायचे, हा निर्णय घरच्यांनी स्वतःच्या हिमतीवर घेऊ नये. ज्याला पूर्वी एकदा डेंग्यू होऊन गेला आहे त्याचीही माहिती डॉक्टरांना द्यावी. या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराची लागण झाल्यावर त्याच प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, पण पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाल्यास आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. ‘एकदा होऊन गेला, आता काळजी नाही’ हा समज म्हणूनच उलटा आहे.

अंतराचाही विचार याच वेळी करावा. रक्त तपासण्याची आणि गरज पडल्यास भरती करण्याची सोय असलेले रुग्णालय तासाभरात गाठता येत नसेल, विशेषतः पावसाळ्यात घाट किंवा ओढा ओलांडून जावे लागत असेल, तर रुग्णाला तिसऱ्या दिवसापर्यंत गावातून हलवून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी नातेवाइकांकडे ठेवणे शहाणपणाचे ठरते. पाचव्या दिवशी मध्यरात्री गाडी शोधण्यापेक्षा हे पुष्कळ सोपे आहे.

टप्पा २: ताप सुरू झाल्याची तारीख आणि वेळ लिहा

हे काम दोन मिनिटांचे आहे, आणि तेच सर्वाधिक वेळा राहून जाते. ताप ज्या दिवशी प्रथम आला तो पहिला दिवस. ‘साधारण तीन-चार दिवस झाले असतील’ असे उत्तर मिळाले की डॉक्टरांना कोणती तपासणी करायची आणि धोक्याचा काळ केव्हा येणार, या दोन्ही गोष्टींचा अंदाज बांधावा लागतो. साधी वही घ्यावी आणि प्रत्येक पानावर आजाराचा कितवा दिवस आहे हे वर लिहून त्याखाली पुढील नोंदी वेळेसह कराव्यात: ताप किती, औषध कोणते व किती, काय प्यायला आणि किती मिलिलिटर, लघवी केव्हा झाली, उलटी झाली का.

तयारीसाठी चार वस्तू पुरतात: डिजिटल थर्मामीटर, मापाच्या खुणा असलेला पेला किंवा बाटली, ओआरएसची पाकिटे आणि मच्छरदाणी. घरात रक्तदाब मोजण्याचे यंत्र असेल तर उत्तम. त्याचा उपयोग सहाव्या टप्प्यात होईल.

तपासून पाहा: मच्छरदाणी दिवसाही लावली आहे का? डेंग्यू पसरवणारा एडीस डास दिवसा चावतो, आणि तापाच्या पहिल्या पाच-सात दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू असल्याने त्याला चावलेला डास पुढे घरातील इतरांना रोग देऊ शकतो. मच्छरदाणी रुग्णापेक्षा घरच्यांसाठी आहे.

टप्पा ३: तपासणी दिवस पाहून करा

अचानक आलेला जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणे, कपाळ ठणकणे, अंग आणि सांधे मोडून येणे, मळमळ, अंगावर लालसर झाक किंवा पुरळ ही डेंग्यूची ओळखीची लक्षणे. पण पावसाळ्यात मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस (दूषित पाण्या-चिखलातून होणारा जिवाणूंचा आजार), चिकुनगुनिया आणि टायफॉइडही अशीच सुरुवात करतात. त्यांपैकी मलेरिया आणि लेप्टोवर ठरावीक औषध आहे आणि ते लवकर सुरू होणे महत्त्वाचे आहे. त्यामुळे ‘डेंग्यूचीच तपासणी करा’ असा आग्रह न धरता मलेरियाचीही तपासणी होते आहे ना, हे विचारावे. पुराच्या किंवा साचलेल्या पाण्यातून, शेतातल्या चिखलातून चालणे झाले असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावे. ते विचारतीलच असे नाही.

तपासण्यांचा क्रम असा आहे. पहिल्या ते पाचव्या दिवसापर्यंत एनएस१ ही तपासणी उपयोगी असते, कारण ती विषाणूचाच एक प्रथिन-अंश शोधते. पाचव्या दिवसानंतर आयजीएम ही प्रतिपिंडांची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनांची, तपासणी भरवशाची ठरते. दुसऱ्या दिवशी आयजीएम करून ‘निगेटिव्ह’ आले म्हणून डेंग्यू नाही असे समजणे, किंवा सातव्या दिवशी एनएस१ करून तोच निष्कर्ष काढणे, या दोन्ही चुका सर्रास होतात. आयजीएम दोन-तीन महिने रक्तात टिकू शकते, आणि केवळ आयजीजी (दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडे) पॉझिटिव्ह असणे हे बहुधा जुन्या लागणीचे चिन्ह असते. झटपट निकाल देणाऱ्या पट्टीपेक्षा प्रयोगशाळेत होणारी एलायझा पद्धतीची तपासणी अधिक विश्वसनीय असून सरकारी यंत्रणा तीच ग्राह्य धरते. त्यासाठी लागणारे आयजीएमचे संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तयार होऊन देशभरातील निवडक सरकारी रुग्णालयांना पुरवले जातात.

तरीही एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. अहवाल निगेटिव्ह आहे पण लक्षणे आणि मोसम डेंग्यूचे आहेत, अशा वेळी पुढील सर्व टप्पे डेंग्यू आहे असे मानूनच पाळावेत. त्यात तोटा काहीच नाही.

सीबीसी म्हणजे संपूर्ण रक्तगणना तापाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत एकदा अवश्य करून घ्यावी. त्या वेळी प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) नेहमीएवढ्याच असतात आणि ‘पैसे फुकट गेले’ असे वाटते. पण त्याच अहवालातील हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के, म्हणजे रक्त किती घट्ट, हे सांगणारा आकडा) हा रुग्णाचा स्वतःचा मूळ आकडा असतो, आणि पुढची सर्व तुलना त्याच्याशी करायची असते.

टप्पा ४: तापासाठी फक्त पॅरासिटामॉल

ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनामिक ॲसिड, निमेसुलाइड यांपैकी कोणतेही औषध डेंग्यूच्या शंकेत देऊ नये. यांतील बहुतेक औषधे जठराच्या अस्तराला इजा करतात आणि प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात, त्यामुळे रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. अडचण अशी की ही औषधे पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत किंवा सिरपमध्ये मिसळलेली मिळतात आणि घरात ‘तापाची गोळी’ या एकाच नावाने ओळखली जातात. म्हणून पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत. तेथे पॅरासिटामॉलखेरीज दुसरे नाव असेल तर ती गोळी बाजूला ठेवावी. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. दोन्ही एकदम घेतल्यास नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते, आणि डेंग्यूत यकृतावर आधीच ताण असतो.

प्रौढांसाठी एका वेळी ५०० ते ६५० मिलिग्रॅम आणि दोन मात्रांमध्ये सहा तासांचे अंतर, हे प्रमाण ओलांडू नये. मुलांची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा. वीस किलोच्या मुलाला एका वेळी २०० ते ३०० मिलिग्रॅम. येथे सिरपची तीव्रता पाहणे अत्यावश्यक आहे. ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असलेले आणि २५० मिलिग्रॅम असलेले सिरप दिसायला सारखेच असते, आणि बाळांच्या थेंबांच्या बाटलीत तर प्रत्येक मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. ‘एक चमचा द्या’ हे माप त्यामुळे निरर्थक आहे. बाटलीबरोबर आलेल्या मापानेच औषध द्यावे.

पॅरासिटामॉलने ताप पूर्ण उतरला नाही म्हणून सहा तासांच्या आत दुसरी गोळी देऊ नये. मधल्या वेळेत कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने अंग पुसावे. बर्फाचे पाणी वापरू नये; त्याने हुडहुडी भरते.

इशारा: कमरेत किंवा दंडात इंजेक्शन घेण्याचा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका. प्लेटलेट कमी असताना स्नायूत टोचलेल्या जागी रक्त साकळून मोठी गाठ होऊ शकते. हृदयविकारासाठी रोज ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंदही करू नका आणि गुपचूप चालूही ठेवू नका. त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना विचारा.

टप्पा ५: पाणी मोजून द्या

डेंग्यूवर विषाणू मारणारे औषध नाही. घरी करता येण्याजोगा खरा उपचार म्हणजे द्रवपदार्थ. प्रौढाला दिवसभरात अडीच ते तीन लिटर द्रव जाईल असे पाहावे. मुलांचा हिशोब असा: पहिल्या दहा किलोंसाठी दर किलोला १०० मिलिलिटर, पुढच्या दहा किलोंसाठी दर किलोला ५०, आणि त्यावरच्या प्रत्येक किलोला २०. म्हणजे वीस किलोच्या मुलाला दिवसाला दीड लिटर. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे आकडे लागू होत नाहीत, तेथे डॉक्टर सांगतील तेवढेच.

नुसते पाणी पाजत राहणे ही चूक आहे, कारण त्याबरोबर क्षारही जायला हवेत. ओआरएस, मीठ घातलेली तांदळाची पेज, ताक, शहाळ्याचे पाणी, मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत, वरणाचे पाणी हे सगळे आलटून पालटून द्यावे. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. अर्धे पाकीट पेल्यात अंदाजाने टाकणे, किंवा चव यावी म्हणून वरून साखर घालणे, यांमुळे त्याचे प्रमाण बिघडते आणि उपयोग जातो. पूर्ण पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवावे आणि चोवीस तासांत संपले नाही तर उरलेले टाकून द्यावे. मधुमेह असल्यास गोड द्रव देताना रक्तातील साखर तपासत राहावे.

बिटाचा किंवा डाळिंबाचा रस आणि कोकम सरबत या दिवसांत टाळावे. त्यांत अपाय काही नाही. पण उलटी झाली तर ती लाल कशाने झाली, हे कळेनासे होते आणि रात्री दोन वाजता ती शंका फार महाग पडते.

मळमळ असेल तर पेलाभर एकदम न देता दर पाच मिनिटांनी दोन-तीन चमचे द्यावे. चोवीस तासांत तीन किंवा अधिक उलट्या झाल्या आणि पोटात काहीच टिकेना, तर घरी प्रयोग करत न बसता रुग्णालय गाठावे.

तपासून पाहा: दर चार ते सहा तासांनी लघवी होते आहे का आणि तिचा रंग फिकट आहे का? द्रव पुरेसे जात असल्याची याहून सोपी खूण नाही. सहा तास लघवी झाली नाही तर ती वहीतली नोंद नव्हे, डॉक्टरांना फोन करण्याचे कारण आहे.

टप्पा ६: ताप उतरल्यावर पहारा वाढवा

पॅरासिटामॉल न देताही ताप १०० अंशांच्या आसपास येऊन तेथेच राहिला, की त्या क्षणाची वेळ वहीत ठळक लिहावी. बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान हे घडते. तेथून पुढचे २४ ते ४८ तास रुग्णाजवळ सतत कोणीतरी असावे, रात्रीही. कामावर जाणे, शाळेत पाठवणे, एकट्याने आंघोळीला जाणे या काळात नको.

पहिला प्रश्न एकच विचारायचा: ताप उतरल्यावर माणसाला बरे वाटते आहे का? साध्या डेंग्यूत ताप गेला की भूक लागते, चेहरा खुलतो. ताप गेला पण रुग्ण अधिकच मरगळला, चिडचिड करू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा हाक मारली तरी डोळे उघडायला कंटाळू लागला, तर त्याला थकवा समजू नये. घरोघरी ‘ताप उतरला म्हणून शांत झोपलाय’ असे म्हटले जाते आणि मोलाचे काही तास निघून जातात.

पुढीलपैकी एकही चिन्ह दिसले तर त्याच वेळी रुग्णालयात न्यावे. सकाळची वाट पाहू नये. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

- पोटात सतत दुखणे किंवा दाबल्यावर दुखणे
- थांबत नसलेल्या उलट्या
- हिरड्या, नाक यांतून रक्त, उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शी, मासिक पाळीत नेहमीपेक्षा फार रक्तस्राव
- हातपाय गार आणि घामेजलेले पडणे, उभे राहताच चक्कर येणे
- श्वासाला त्रास, पोट फुगणे
- सुस्ती, अस्वस्थता किंवा सहा तास लघवी न होणे

लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शी काळपट होते, हे डॉक्टरांना सांगावे. मात्र त्या सबबीवर घरी थांबू नये.

रक्तदाबाचे यंत्र असेल तर या काळात दर चार तासांनी मोजावे, पण वरचा आकडा पाहून समाधान मानू नये. द्रव पाझरू लागला की शरीर रक्तवाहिन्या आवळून वरचा आकडा बराच वेळ टिकवून धरते आणि खालचा आकडा वर सरकतो. १०० वर ८४ हा रक्तदाब अनेकांना चांगला वाटतो. प्रत्यक्षात दोन आकड्यांतील अंतर २० किंवा त्याहून कमी होणे ही धोक्याची घंटा आहे. यंत्र नसेल तर बोटाचे नख पाच सेकंद दाबून सोडावे: गुलाबी रंग परत यायला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल आणि हात गार असतील, तर निघावे.

टप्पा ७: रक्ताचा अहवाल वाचताना प्लेटलेटवर थांबू नका

तिसऱ्या दिवसापासून ताप जाऊन ४८ तास होईपर्यंत डॉक्टर बहुधा रोज सीबीसी करायला सांगतात. ती शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी. दोन यंत्रांच्या आकड्यांत फरक पडतो. अहवाल हाती आला की घरात एकच प्रश्न विचारला जातो, ‘पेशी किती?’ व्हॉट्सॲपवर सर्वांत वेगाने फिरणारा हा आकडा निर्णयासाठी मात्र एकटा पुरेसा नाही. ४०,००० प्लेटलेट असलेला रुग्ण खात-पीत, लघवी करत बरा होत असतो, आणि ९०,००० असलेला दुसरा शॉककडे, म्हणजे रक्तदाब ढासळण्याच्या अवस्थेकडे, सरकत असू शकतो.

वाचण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम पांढऱ्या पेशी पाहाव्यात. त्या सुरुवातीला घटतात आणि पुढे काय येणार याची सूचना देतात. मग हिमॅटोक्रिट, जो अहवालात पीसीव्ही किंवा एचसीटी या नावाने छापलेला असतो. तो पहिल्या अहवालाशी ताडून पाहावा. सुरुवातीला ३८ असलेला आकडा ४६ झाला, तर वाढ २० टक्क्यांहून अधिक आहे आणि द्रव पाझरतो आहे असे समजावे. गंमत अशी की ४६ हा आकडा अहवालात ‘सामान्य मर्यादेत’ म्हणून ठळक न करताच छापला जाऊ शकतो. म्हणूनच पहिला अहवाल जपून ठेवायचा. त्यानंतर प्लेटलेट, आणि त्यांतही घसरणीचा वेग. हिमॅटोक्रिट चढतो आहे आणि प्लेटलेट झपाट्याने पडत आहेत, ही जोडी दिसली की भरती व्हावे. उलट, हिमॅटोक्रिट एकाएकी खाली आला आणि रुग्ण मात्र खालावतो आहे, तर आत कोठेतरी रक्तस्राव होत असण्याची शंका घ्यावी लागते.

प्लेटलेटचा आकडा लक्षणांशी अजिबात जुळत नसेल, तर काचपट्टीवर प्रत्यक्ष पाहून खात्री करायला सांगावे. नळीत प्लेटलेटचे पुंजके झाले की यंत्र त्या कमी मोजते.

टप्पा ८: भरती झाल्यावर कोणते आग्रह धरू नयेत

पहिला आग्रह प्लेटलेट चढवण्याचा असतो. रक्तस्राव नसताना केवळ आकडा ५०,००० किंवा ३०,००० झाला म्हणून प्लेटलेट दिल्याने फायदा होत नाही. बाहेरून दिलेल्या प्लेटलेटही आजारात लवकर नष्ट होतात, आणि त्यांच्याबरोबर शरीरात जाणारा द्रव व ॲलर्जीचा धोका वेगळाच. साधारणपणे आकडा १०,००० च्या खाली गेला किंवा लक्षणीय रक्तस्राव होत असला, तरच डॉक्टर त्यांचा विचार करतात. दाते शोधण्यासाठी सारी मित्रमंडळी पळवण्यापूर्वी ‘रक्तस्राव आहे का आणि हिमॅटोक्रिट किती आहे?’ हे विचारावे.

दुसरा आग्रह सलाईनचा. तोंडाने नीट पिणाऱ्या, लघवी होणाऱ्या रुग्णाला सलाईनची गरज नसते. पाझरलेला द्रव बरे होण्याच्या काळात दोन-तीन दिवसांत पुन्हा रक्तात परततो. त्याच वेळी सलाईनही चालू असेल तर फुप्फुसांत पाणी साचून दम लागू शकतो. सलाईन बंद केले म्हणून डॉक्टर दुर्लक्ष करत आहेत असे समजू नये. स्टेरॉइड आणि प्रतिजैविके यांचाही साध्या डेंग्यूत उपयोग नाही.

पपईच्या पानांच्या रसाबद्दल विचारणा होतेच. त्याने प्लेटलेट थोड्या लवकर वाढतात का, यावर वाद घालता येईल. प्लेटलेट नाही तरी रुग्ण बरा होताना आपोआपच वाढतात. पण रक्तवाहिन्यांतून होणारा पाझर, जो खरा धोका आहे, तो या रसाने थांबतो असे दिसलेले नाही. त्या कडू रसाने रुग्णाला उलटी झाली तर पाजलेले पाणीही बाहेर पडते, एवढा तोटा मात्र निश्चित आहे. किवी आणि ड्रॅगन फ्रूट परवडत असल्यास खावे, पण त्यांसाठी ओआरएसचे पैसे वळवू नयेत.

टप्पा ९: बरे होतानाची काळजी आणि घरातील पुढचा ताप

गोळीशिवाय ४८ तास ताप नाही, भूक परतली आहे, लघवी भरपूर होते आहे, हिमॅटोक्रिट स्थिर आहे आणि प्लेटलेट ५०,००० च्या वर असून चढत्या आहेत, असे झाल्यावर पहारा सैल करावा. या सुमारास तळहात-तळपाय खाजतात आणि लाल पुरळात मधे मधे पांढरे ठिपके दिसतात. ते बरे होण्याचे चिन्ह आहे आणि त्यासाठी नवे औषध सुरू करण्याची घाई नको. अशक्तपणा काही आठवडे राहतो. व्यायामशाळा, खेळ आणि दात काढण्यासारख्या गोष्टी प्लेटलेट पूर्ववत होईपर्यंत पुढे ढकलाव्यात.

घरातील पाण्याची भांडी, कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि गच्चीवरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही, कारण एडीसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. पाण्यात अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा नियम मोडू नये.

रुग्ण बरा झाल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत घरातील किंवा शेजारच्या कोणाला ताप आला, तर त्याची वही त्याच दिवशी सुरू करावी, पहिला सीबीसी करून घ्यावा, आणि आधीच्या रुग्णाची उरलेली औषधे त्याला देण्यापूर्वी पाकिटामागची नावे पुन्हा वाचावीत.